गावच्या देवळाचा कागद शोधताना पेशवे दफ्तरात काढलेले दिवस

आमच्या गावच्या देवळाला पेशवाईत नेमणूक, म्हणजे सरकारातून ठरलेला खर्च, होती असं आजोबा सांगायचे, पण घरात कागद एकही नाही, म्हणून मागच्या वर्षी पुण्याच्या पुराभिलेखागारात गेलो, पेशवे दफ्तर म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद तिथेच आहेत. अर्ज, ओळखपत्र, कशासाठी बघायचंय ते लिहून द्यायचं, एवढं झालं की आत. आत पेन नाही, पेन्सिलच.

पहिले तीन दिवस वाया गेले कारण मी याद्यांमध्ये देवाचं नाव शोधत होतो. तिथे नेहमी बसणारे एक काका म्हणाले, "अहो, विषयाने नाही सापडायचं, ज्या कचेरीने कागद लिहिला तिच्या नावाने शोधा." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रोजकीर्द, घडणी, चिटणीसी, प्रांत अजमास अशी दफ्तरं तेव्हाच्या कारभाराप्रमाणेच ठेवलीत, आणि हे फार मोलाचं आहे, कारण कागद कुठल्या दफ्तरातला ते कळलं की तो का लिहिला तेही निम्मं कळतं. मला हवा होता प्रांत अजमास, म्हणजे प्रांतवार जमाखर्चाचे कागद, तोही आजच्या तालुक्याच्या नावाने नाही तर जुन्या परगण्याच्या.

रुमाल आला, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, तो सोडताना हात थरथरत होते खरंच. मोडी मी सहा महिने शिकलो होतो तरी पहिलं पान वाचायला दुपार गेली, मोडीत ऱ्हस्व दीर्घ नाही आणि शब्द एकमेकांना चिकटलेले. तारीख होती 'छ ९ रज्जब, सन इसन्ने सबैन मया व अलफ'. छ म्हणजे चंद्र, रज्जब हा हिजरी महिना, आणि सनाचे आकडे अरबी शब्दांत, उलटे वाचायचे, दोन, सत्तर, शंभर, हजार म्हणजे ११७२. हा शुहूर सन, मराठी कागदांत वापरायचे ती कालगणना, जूनमधल्या मृग नक्षत्राला सुरू होते. इसवी सन काढायला त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००, जंत्रीत म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकात बघितलं तर ऑक्टोबर १७७१ निघाला, म्हणजे थोरल्या माधवरावांची कारकीर्द.

आणि त्यात आमचं गाव! नंदादीपाला रोज नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग, तेल, पुढे वर्षाची रक्कम. आजोबा सांगायचे ती जमीन मात्र कुठेच नाही, नेमणूक रोख होती, त्यामुळे गावात जे सांगतात ते थोडं बदलावं लागणार.

खाली तेल घेणाऱ्या गुरवाचं नाव आहे. ते घराणं अजून देवळामागे राहतं, रीतसर नक्कल मिळाली की आधी त्यांच्याकडेच जाणार आहे.