पत्रांचा पत्ता

नवा प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला घेतला की तो मध्येच थांबून अदबीनं विचारतो, मला कुठे ठेवताय? खाली पत्ता त्यानंच भरलेला असतो, शेजारी 'नेक्स्ट'चं बटण. तो पत्ता वाचून पाहणारा माणूस विरळाच. आपण बटण दाबून मोकळे होतो, आणि त्यात बिघडतही काही नाही. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर राहिला काय किंवा डी ड्राइव्हवर राहिला काय, उडालाच तर पुन्हा उतरवून घेता येतो, तोही आधीपेक्षा नवा.

पण प्रोग्रॅम ईमेलचा असेल तर आणखी एक प्रश्न असतो, आणि तो बहुतेक प्रोग्रॅम विचारतच नाहीत. पत्रं कुठे ठेवू? जे हवं तितक्या वेळा परत मिळतं त्याच्या मुक्कामाची एवढी विचारपूस, आणि जे एकदा गेलं की गेलंच त्याबद्दल चकार शब्द नाही. पत्रांची सोय प्रोग्रॅम परस्पर लावतो आणि कुठे लावली तेही सांगत नाही.

विचारणारे अगदीच नव्हते असं नाही. न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांनी १९९० साली आणलेला पेगॅसस मेल विंडोजवर बसवताना प्रोग्रॅम कुठे आणि मेलबॉक्स कुठे, हे दोन्ही ठरवू देतो. वापरणारा एकटाच आहे की एका कॉम्प्युटरवर अनेकजण आहेत, हेही विचारून घेतो. आजच्या घाईत ही चौकशी जाचक वाटेल. मला ती सभ्यपणाची वाटते.

याउलट थंडरबर्ड हा दुसरा ईमेल प्रोग्रॅम. विंडोजवर त्याचा प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असतो, पत्रं तिथे नसतात. ती शोधायला 'यूजर्स'मध्ये शिरायचं, तिथून आपल्या नावाच्या फोल्डरात, तिथून 'अॅपडेटा'त. हे 'अॅपडेटा' विंडोज मुद्दाम लपवून ठेवतं, त्यामुळे आधी लपलेले फोल्डर दाखव असं त्याला सांगावं लागतं. मग 'रोमिंग', मग 'थंडरबर्ड', मग 'प्रोफाइल्स', आणि तिथे अक्षरांची आणि आकड्यांची वाट्टेल तशी जुळणी नाव म्हणून मिरवणारा एक फोल्डर. वर्षानुवर्षांची पत्रं तिथे. असं नाव ठेवायलाही कारण आहे. सगळ्यांचा पत्ता एकच असता तर एखाद्या दुष्ट प्रोग्रॅमला तो आयता सापडला असता. चोराला सापडू नये हे ठीकच, पण मालकालाही सापडू नये हे जरा जास्त झालं.

पत्रं प्रोग्रॅमपासून लांब ठेवण्याची पद्धत मात्र शहाणपणाची आहे. पूर्वी कित्येक प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरात पत्रं साठवायचे. एक फोल्डर उचलला की सगळं बिऱ्हाड बरोबर यायचं. आणि प्रोग्रॅम काढताना कुणी तो फोल्डर पुसला की सगळं बिऱ्हाड जायचंही. मग विंडोज व्हिस्टा आलं आणि 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायची साध्या वापरकर्त्याला सरसकट बंदी झाली. जुने प्रोग्रॅम सवयीनं तिथेच लिहायला जाणार. त्यांना सरळ नकार दिला असता तर ते कोसळले असते, म्हणून विंडोज तोंडावर हो म्हणतं आणि त्यांचं लिखाण गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या भलत्याच फोल्डरात नेऊन ठेवतं. प्रोग्रॅमला वाटतं, पत्रं आपल्याजवळच आहेत. मालकालाही तेच वाटतं. तो नेमानं प्रोग्रॅमच्या फोल्डरचा बॅकअप घेत राहतो, आणि त्या बॅकअपमध्ये सगळं असतं, नवी पत्रं सोडून.

थंडरबर्डच्या त्या विचित्र नावाच्या फोल्डरापर्यंत आलोच आहोत तर आत डोकावून घेऊ. 'मेल' नावाच्या फोल्डरात 'इनबॉक्स' नावाची एक फाइल दिसते, तिच्या नावाला शेपूट नाही. शेजारी तेच नाव, पण 'एमएसएफ' असं शेपूट लावलेली एक छोटी फाइल. ती नुसती सूची, उडाली तर प्रोग्रॅम पुन्हा तयार करतो. खरा ऐवज बिनशेपटीच्या फाइलीत. तिची एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडून पाहण्यासारखी आहे. सगळी पत्रं एकाखाली एक, एकाच अखंड मजकुरात, आणि प्रत्येकाची सुरुवात 'फ्रॉम'नं सुरू होणाऱ्या एका ओळीनं. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात आणि ती १९७०च्या दशकातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून चालत आली आहे. मग पत्राच्याच मजकुरात एखादी ओळ 'फ्रॉम'नं सुरू झाली तर? तिथून नवं पत्र सुरू झालं असं वाटू नये म्हणून त्या ओळीआधी '>' अशी एक कोनदार खूण टाकतात. जुन्या पत्रांत मध्येच कारण नसताना ती खूण दिसते, ती ही. इतकी जुनी डागडुजी, पण अजून टिकून आहे.

मजकुराखाली जोडलेल्या फाइली येतात, आणि तिथे स्क्रीनच्या स्क्रीन भरून नुसती निरर्थक अक्षरं. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बेतलेलं, त्यामुळे फोटो असो की पीडीएफ, त्याच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं करून पाठवावी लागतात. म्हणजे फाइल मेलबॉक्समध्ये एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगून बसते. तीच पुढे कुणाला पाठवली की पाठवलेल्या पत्रांत पुन्हा एकदा.

आणखी खाली गेलं की पुसलेली पत्रंही भेटतात. डिलीट केलं तरी या फाइलीतून पत्र लगेच जात नाही, त्याच्या माथ्यावरच्या 'एक्स-मोझिला-स्टेटस' या ओळीतला आकडा फक्त बदलतो. ०००१ म्हणजे वाचलेलं, ०००९ म्हणजे वाचलेलं आणि पुसलेलं. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' होईपर्यंत, म्हणजे पुसलेली पत्रं खरोखर काढून फाइल आवळली जाईपर्यंत, मजकूर जागचा हलत नाही. रागाच्या भरात लिहिलेला आणि मग विचार करून पुसलेला मसुदा आपल्या रागापेक्षा बराच जास्त टिकतो तो असा.

एवढं सगळं एका फाइलीत कोंबलेलं असलं की जागेच्या बाबतीत बरेच पर्याय आपोआप बाद होतात. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरात ठेवावी तर दोन ओळींचं पत्र आलं तरी फाइल बदलली म्हणून ती वर चढवायची धांदल सुरू होते, आणि त्याच वेळी ईमेलचा प्रोग्रॅम तिच्यात लिहीत असतो. अँटिव्हायरसचा उत्साह आणखी निराळा. एका पत्राला जोडलेल्या फाइलीत व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस थेट मोठी फाइलच अटकेत टाकतात, म्हणजे अख्खा इनबॉक्स आत. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या ईमेल प्रोग्रॅमच्या पीएसटी फाइली याच जातकुळीतल्या. आउटलुक २००२ पर्यंत त्यांना दोन जीबीची मर्यादा होती, आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी व्हायची. २०१० पासून ही मर्यादा ५० जीबी आहे. पीएसटी नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर ठेवू नका असं मायक्रोसॉफ्ट वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, आणि लोक वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत.

यावर उतारा म्हणून डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी मेलडिर नावाची पद्धत काढली. दर पत्राची वेगळी फाइल, आणि पत्र वाचलं की नाही हे फाइलीच्या नावातच. एक बिघडली तर एकच बिघडते. थंडरबर्डमध्येही नव्या खात्यासाठी दर पत्राची वेगळी फाइल अशी साठवण निवडता येते. फक्त अशा हजारो चिमुकल्या फाइली एका डिस्कवरून दुसरीकडे न्यायला बसलात तर हाताशी दुसरं काम असू द्या.

आयमॅप या आजच्या पद्धतीच्या जमान्यात ही उठाठेव कशाला, असंही कुणी म्हणेल. पत्रं सर्व्हरवर असतात, इथे नुसती प्रत. पीओपी या जुन्या पद्धतीच्या काळात पत्र एकदा उतरवलं की बहुधा सर्व्हरवरून जायचं आणि आपल्याजवळ उरेल तेवढंच. आता ते दडपण नाही, हे कबूल. पण ही प्रत सर्व्हरच्या ताटाखालचं मांजर आहे. तिकडे पत्र पुसलं गेलं की पुढच्या भेटीत इथलंही जातं, मग ते कुणी का पुसलेलं असेना. म्हणून जी पत्रं खरोखर ठेवायची ती मी थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे सर्व्हरशी संबंध नसलेल्या फोल्डरांत, उतरवून घेतो. आणि तसं करायचं ठरवलं की जागेचा प्रश्न परत आलाच.

माझी निवड साधी आहे. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तो सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर, अगदी वरच्या पातळीला, बिनकानामात्रेच्या नावाचा एक फोल्डर. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये 'लोकल डिरेक्टरी' म्हणून रकाना आहे, तिथे हा पत्ता देता येतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट करायची पाळी आली तर पत्रांना धक्का लागत नाही. मात्र एकाच डिस्कचे दोन भाग करून त्यांना सी आणि डी म्हटलं असेल तर हा दिलासा अर्धाच, कारण डिस्क गेली की दोघंही बरोबर जातात. म्हणून त्या फोल्डराची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती काढताना प्रोग्रॅम बंद. उघड्या प्रोग्रॅमखालून काढलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही.

प्रोग्रॅम कुठे ठेवला याला महत्त्व नाही असं वर म्हटलं खरं, पण त्यालाही एक फाटा आहे. अलीकडच्या थंडरबर्डमध्ये प्रत्येक इन्स्टॉलेशनची प्रोफाइल, म्हणजे तो विचित्र नावाचा फोल्डर, वेगळी असते. तोच प्रोग्रॅम पुढे कधी दुसऱ्या फोल्डरात बसवला तर तो नवी कोरी प्रोफाइल काढून नव्यानं खातं उघडायला सांगू शकतो. पत्रं कुठेही गेलेली नसतात, जुन्या फोल्डरात शाबूत असतात, पण समोरचा रिकामा इनबॉक्स पाहून घाम फुटतो तो फुटतोच. अशा वेळी 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडायचं. तिथे आकड्यांच्या आणि नावांच्या गर्दीत 'अबाउट प्रोफाइल्स' अशी एक लिंक आहे. तिच्यावर सगळ्या प्रोफाइलची यादी पत्त्यांसकट येते आणि जुन्या प्रोफाइलपुढचं बटण दाबून ती चालू करता येते. हे पान घाम फुटायच्या आधीच एकदा उघडून तो पत्ता कागदावर उतरवून ठेवलेला बरा. कागद कुठे ठेवायचा, ते ज्याचं त्यानं पाहावं.