शनिवारी रात्री नऊनंतरची ऑर्डर

शनिवार, रात्री उशिरा.

बीकेसी असो की लोअर परळ, मुंबईतल्या चालत्या पॅन-एशियन रेस्टॉरंटमध्ये शनिवारी रात्री सव्वानऊ ते सव्वादहा हा तास किचनच्या सगळ्यात जास्त ताणाचा. साडेसातच्या बुकिंगची मंडळी मेन कोर्सला आलेली असतात, साडेनऊवाली स्टार्टर सांगत असतात आणि दोन्हींच्या केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदमच आत पडतात. या तासात ताटात काय दर्जाचं येईल ते आपण काय मागवतो आणि कुठल्या क्रमाने मागवतो यावर बरंच अवलंबून असतं, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. आज सविस्तर लिहून ठेवतो.

आत एकच किचन नसतं. डिमसमच्या, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या, वाफेच्या टोपल्यांचा विभाग, सुशीचं थंड काउंटर, वॉकची रांग, तळण, कुठे निखाऱ्यावरचा रोबाटा. प्रत्येकाचा माणूस वेगळा, वेग वेगळा. डिमसमची टोपली पाच-सहा मिनिटांत उतरते. वॉकवरचे नूडल्स आचेवर चढले की तीन मिनिटांत तयार. सुशीचा रोल मात्र गर्दीत अर्धा तासही घेतो, कारण तो एकेक करून हातानेच वळायचा असतो. सगळी ऑर्डर एका दमात दिली की प्रत्येक विभाग आपापल्या सवडीने पाठवतो. मग आधी नूडल्स, त्यामागून सूप, आणि पोट भरल्यावर डिमसम.

यावर उपाय सोपा आहे. बसल्याबसल्या सुशी आणि पहिल्या दोन टोपल्या सांगायच्या. मेन कोर्सही तेव्हाच सांगायचा, पण कॅप्टनला स्पष्ट म्हणायचं, ‘हे होल्ड करा, मी सांगितल्यावर फायर करा.’ हे शब्द किचनचेच असल्यामुळे गोंधळ होत नाही. चौघांसाठी सुरुवातीला दोन टोपल्या, एक रोल, एक तळलेला किंवा भाजलेला स्टार्टर, आणि पुढे दोन मेन, एक भात, एक नूडल्स एवढं पुरतं. कमी पडलं तर टोपली वाढवावी, ती सगळ्यात लवकर येते. टेबलाचा एक आग्रह मात्र जरूर धरावा: दाराजवळ किंवा खिडकीपाशी बसण्यापेक्षा पासजवळ, म्हणजे जिथून ताटं बाहेर पडतात तिथे बसावं. थोडा गलका होतो, पण टोपली टेबलावर येईपर्यंतची दोन मिनिटं वाचतात.

ती दोन मिनिटं का महत्त्वाची, हे हार गाववरून कळतं. कोळंबीच्या या पारदर्शक डिमसमचं पीठ मैद्याचं नसतं. ग्लुटेन काढून उरलेलं गव्हाचं सत्त्व, म्हणजे कुरडईच्या चिकातला पांढरा भाग, साधारण दोन वाट्या आणि टॅपिओकाचं पीठ एक वाटी. त्यात अगदी उकळतं पाणी ओतून उकड काढतात. पाणी जरा जरी निवलेलं असलं तर स्टार्च शिजत नाही आणि पारी घडी घालताना चिरते. ग्लुटेन नसल्यामुळे पीठ ताणलं जात नाही. म्हणून लाटण्याऐवजी तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या सपाट बाजूने गोळी दाबून फिरवतात, की पातळ चकती तयार. मग एकाच बाजूने चुण्या घालत जातात. चांगल्या हाताच्या सात ते दहा चुण्या सहज पडतात, आणि चुण्यांकडची बाजूही तळाइतकीच पातळ राहते.

वाफेतून काढल्यावर ही पारी काचेसारखी दिसते आणि आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसतो. निवायला लागली की शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट व्हायला लागतो. पारी दुधाळ होते, चिवट होते आणि खालच्या कागदाला धरते. चॉपस्टिकने उचलताना तळ फाटतो आणि आतला रस टोपलीतच सांडतो. कागदाला चिकटलेला डिमसम वर ओढू नये, आडवा किंचित सरकवून सोडवावा. पारी आलीच दुधाळ आणि कडा सुकलेली, तर टोपली पासवर पडून होती. ती खुशाल परत करावी, यात संकोच कसला? फोटो काढायचाच असेल तर झाकण उघडताक्षणी एक. पाच मिनिटांच्या आत टोपली रिकामी झाली पाहिजे.

वॉकचं दुखणं वेगळं. तिथल्या बर्नरची आच घरच्या शेगडीच्या दहापटीहून जास्त असते आणि त्या आचेवर एका वेळी दोनच प्लेट नीट होतात. गर्दीत आचारी तीन टेबलांचे हक्का नूडल्स एकत्र टाकतो. त्याचाही इलाज नसतो. पण वॉक भरला की तापमान पडतं, कोबी आणि सिमला मिरचीला पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी सगळं वाफेवर शिजतं. नूडल्स एकमेकांना धरतात, धुरकट वास येत नाही, ताटाच्या तळाशी सॉसचं पाणी साचतं. दहा जणांच्या टेबलाने चार प्लेट सारखे नूडल्स मागवणं म्हणजे हे आपणहून ओढवून घेणं. त्यापेक्षा दोन आता, दोन वीस मिनिटांनी.

तळणाचंही तसंच. टेंपुराचं पीठ बर्फाच्या पाण्यात जेमतेम कालवलेलं असतं, गुठळ्या ठेवूनच, आणि तेल १७० ते १८० अंशांवर हवं. कढईत तुकडे जास्त पडले की तेल निवतं, आवरण तेल पितं. मंचुरियनची ग्रेव्ही कॉर्नफ्लोरची. निवताना ती घट्ट होते आणि दहा मिनिटांत तळलेले गोळे मऊ पडतात. ग्रेव्ही वेगळ्या वाटीत मागावी.

मग या गर्दीच्या तासात मागवावं काय? ज्यांचं मोठं काम दुपारीच उरकलेलं असतं, असे पदार्थ. रेंडांग (नारळाच्या दुधातलं मसालेदार मांस) तासन् तास आटवलेलं असतं, त्याला घाईचा फटका बसत नाही. थाई करीची पेस्ट वाटून तयार असते, ऐनवेळी नारळाचं दूध आणि भाज्या पडतात. खाव सुए या बर्मी नूडल्सची करी आधी केलेली, वरचे कुरकुरीत नूडल्स, तळलेला लसूण, शेंगदाणे, लिंबू वेगवेगळ्या वाट्यांत येतात आणि कुरकुरीतपणा आपल्या हातात राहतो. रामेन चांगलं असतं, पण वाटून खायचं नाही. रश्श्यात नूडल्स पाच-सात मिनिटांत फुगतात, तेवढ्यात एकट्याने संपवायचं.

सुशीत मी आधी भात बघतो, मासा नंतर. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात अंगाइतकाच कोमट हवा. घासात तो थंड आणि टणक लागला, तर रोल आधी वळून फ्रिजमध्ये ठेवलेला होता. थंडीने भाताचा स्टार्च कडक होतो, सोबत नोरी, म्हणजे रोलभोवतीचं समुद्री शेवाळाचं पान, ओलावा ओढून चामड होते. अवोकाडोच्या कडा काळवंडल्या असतील तर शंकाच नको. शंका असली तर टेमाकी सांगावा. तो शंकू समोरच वळतात आणि हातात देतात, लगेच खायचा. सोया सॉस निगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या सुशीच्या, माशाच्या बाजूला लावावा, भात बुडवला की विरघळून सॉसमध्येच राहतो. हिरवी पेस्ट बहुतेक ठिकाणी खऱ्या वसाबीची नसते. हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग मिळून ती बनते, म्हणून नाकात जाते ती मोहरीसारखीच.

फ्यूजनबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. टेंपुराचं तंत्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानला गेलं, असं मानतात. कोलकात्याच्या टिरेटा बाजार आणि टेंग्रातल्या चिनी कुटुंबांनी आपल्या मिरची-आल्या-लसणाशी जुळवून घेतलं, त्यातून आपलं चायनीज उभं राहिलं. चिकन मंचुरियनचं श्रेय नेल्सन वँग यांना देतात, १९७५ सालचं, तेही मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातलं. आपल्या शेजवान चटणीत काश्मिरी मिरची आणि लसूण असतो, सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी नसते. तरी ती पूर्ण आणि खरी चटणी आहे. माझा निकष एकच: दुसऱ्या मुलखातून आलेल्या जिन्नसाने पदार्थात काही काम केलं पाहिजे. चिली ऑइलवरच्या क्रीम चीज डम्पलिंगमध्ये चीज तेलाचा तिखटपणा सावरतं, म्हणून ते टिकलं. (शिवण कच्ची असली तर वाफेत चीज बाहेर येतं, ते टोपलीतच दिसतं.) रोलवर तीन सॉस ओतले की भात आणि मासा दोन्हींची चव दबते, त्याला मी फ्यूजन म्हणणार नाही.

शाकाहारी मंडळींनी ‘हे व्हेज आहे ना?’ एवढ्यावर थांबू नये. प्रश्न नेमके हवेत. थाई करीच्या पेस्टमध्ये सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, व्हेज पेस्ट वेगळी वाटता का? मिसो सूपचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, बोनिटो माशाचा की नुसत्या समुद्री शेवाळाचा? किमचीत फिश सॉस आहे का? परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस की मशरूमचा? चिकन पावडर पडते का, नूडल्समध्ये अंडं आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का? जैन जेवण वॉकवर सहज होतं, कारण सॉस समोर मिसळता येतो. डिमसमचं सारण सकाळीच तयार होतं, त्यातून लसूण काढणार कसा? ते जैन करून मागणं व्यर्थ. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी साध्या सोया सॉसपासूनही जपावं, त्यात बहुतेकदा गहू असतो.

बिलात जीएसटी ५ टक्के. खोलीभाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. काढायला सांगितला की त्यावरचा जीएसटीही कमी झाला का, ते पाहावं. ज्याने रात्रभर वेळा सांभाळल्या त्या वेटरच्या हातात मात्र टीप जरूर ठेवावी.

पार्सलचं सांगायचं तर सुशी बांधून घेऊ नये, भात कडक होतो आणि कच्चा मासा गाडीत तासभर ठेवायची वस्तू नव्हे. करी आणि रेंडांग दुसऱ्या दिवशी उत्तम. फ्राइड राइस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, कारण शिजलेल्या भातातले बॅसिलस सेरियसचे जिवाणू बाहेरच्या उष्ण हवेत झपाट्याने वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. परतताना कढई आधी तापवावी, पाण्याचा एक हबका मारावा. उरलेले डिमसम मायक्रोवेव्हमध्ये टाकू नयेत. कोबीचं पान खाली घालून चार-पाच मिनिटं पुन्हा वाफवले तर पारी बरीचशी मऊ होते.