मूळ कॅडशिवाय वाचलेलं ड्रॉइंग

गिअरबॉक्सखालची बेसप्लेट तडकली तेव्हा तिचं कागदी ड्रॉइंग कुणाकडेच सापडेना. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. जुन्या हार्डडिस्कवर एका फोल्डरमध्ये तेवढी एक डीडब्ल्यूजी फाइल (ऑटोकॅड या ड्रॉइंग काढायच्या प्रोग्रॅमची फाइल) होती आणि तिच्याच नावाची एक बीएके. ऑटोकॅडचं लायसन्स आमच्या मेंटेनन्स विभागाने पुढे चालू ठेवलं नव्हतं. हाताशी विंडोजचा संगणक असता तर ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा फुकट मिळणारा ट्रूव्ह्यू हा व्ह्यूअर टाकला असता. पण तो संगणक ऑफिसात कुलपात आणि माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. कंपनीची ड्रॉइंग्ज इंटरनेटवरच्या व्ह्यूअरमध्ये चढवायला आमच्याकडे सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. लाइन बंद होती, सकाळी प्लेट कटिंगला जायलाच हवी होती.

आधी फाइलची एक प्रत काढली आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही असं ठरवलं. मग ती प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. डीडब्ल्यूजी अशी उघडली की सगळा कचराच दिसतो, पण पहिली सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात आणि फाइल कुठल्या पिढीची आहे ते तिथेच कळतं. माझ्यासमोर होतं एसी१०१५, म्हणजे ऑटोकॅड २०००चा फॉरमॅट. एसी१००९ असतं तर रिलीज ११ किंवा १२, एसी१०३२ असतं तर २०१८. फाइल जुनी होती हे माझ्या पथ्यावरच पडलं, कारण २००४च्या फॉरमॅटपासून आतला मजकूर कॉम्प्रेस केलेला असतो आणि दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला तो उलगडणं अवघड जातं.

ओपन डिझाइन अलायन्स या संस्थेचा फाइल बदलून देणारा कन्व्हर्टर माझ्याकडे होता. डीडब्ल्यूजीची डीएक्सएफ, म्हणजे इतर प्रोग्रॅमनाही वाचता येणारी फाइल झाली आणि एका मुक्त कॅड प्रोग्रॅममध्ये ती उघडली. प्लेटची बाह्यरेषा, भोकं, सेक्शन (प्लेट कापून दाखवलेली आकृती), टायटल ब्लॉक (कोपऱ्यातला माहितीचा चौकोन), सगळं जागच्या जागी. मी प्रिंट काढून शॉपमध्ये नेली.

आमचे वरिष्ठ मशिनिस्ट काका ती बराच वेळ न्याहाळत राहिले. मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इथे सव्वीस बाय सतराचा स्लॉट म्हणतायत का? मला तर तिथे गोल भोक दिसतंय."

प्रिंटवर खरोखरच तसं लिहिलेलं होतं. पहिल्या ओळीत "४-एन१७.५", खाली "व्हीएन२६एक्स१७", आणि तेही इंग्रजी अक्षरांत, अगदी सुबक. घाईत कुणीही त्या एक्सला "बाय"च समजला असता. काकांनी आकडा आणि आकृती शेजारी ठेवून पाहिली म्हणून प्रश्न उठला.

डीएक्सएफची खरी किंमत अशा वेळी कळते. ती साधी मजकुराची फाइल असते: एका ओळीवर कोड, त्याखालच्या ओळीवर त्याचं मूल्य. वर्तुळ असेल तर कोड ८खाली लेअरचं नाव, १० आणि २०खाली केंद्र, ४०खाली त्रिज्या. मी ती टीप शोधून काढली. प्रत्येक संशयास्पद अक्षराच्या आधी फॉन्ट बदलण्याची सूचना होती आणि फॉन्टचं नाव होतं जीडीटी. या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागी मशिनिंगची चिन्हं बसवलेली असतात. एनच्या जागी व्यासाचं चिन्ह, व्हीच्या जागी काउंटरबोअरचं (बोल्टचं डोकं बुडवायला भोकाच्या तोंडाशी केलेल्या रुंद खड्ड्याचं), एक्सच्या जागी खोलीचं. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. प्रोग्रॅमने दुसरा फॉन्ट लावला, चिन्हं गेली आणि नुसती अक्षरं उरली. म्हणजे टिपेचा अर्थ असा होता: १७.५ व्यासाची चार भोकं, प्रत्येकाला २६ व्यासाचा, १७ खोल काउंटरबोअर.

नुसत्या अंदाजावर ते काकांच्या हाती द्यायचं नव्हतं. त्याच जागी एकाच केंद्रावर दोन वर्तुळं होती, त्यांच्या कोड ४०खाली ८.७५ आणि १३. दुप्पट केली की १७.५ आणि २६. सेक्शनमध्ये पायरीची खोली मोजली, १७ भरली. शिवाय एम१६ अ‍ॅलन बोल्टचं डोकं २४ व्यासाचं आणि १६ उंच असतं; ते या खड्ड्यात नीट बुडतं. मापं मिलिमीटरमध्येच आहेत याचाही पुरावा बोल्टच्या या मापांतच मिळाला, आणि त्याची गरज होती. फाइलच्या हेडरमध्ये एककाची नोंद असते, ४ म्हणजे मिलिमीटर, १ म्हणजे इंच. या फाइलमध्ये तिथे शून्य होतं, म्हणजे एकक ठरवलेलंच नव्हतं.

इथवर रेघांनी अक्षरांना सांभाळलं होतं, म्हणून रेघांवर माझा विश्वास बसला होता. प्रोफाइल कटिंगवाल्याला थेट डीएक्सएफ द्यायची आणि भोकंही तिथेच मारून घ्यायची असं ठरत होतं. तेवढ्यात वाटलं, फाइल उघडीच आहे तर मापांच्या नोंदीही बघू.

डायमेन्शनच्या नोंदीत दोन कोड महत्त्वाचे. ४२खाली आकृतीवरून मोजलेलं खरं अंतर असतं. १खाली मजकूर असतो. तो रिकामा असेल तर मोजलेला आकडाच कागदावर उमटतो, पण कुणी हाताने काही टाइप केलं असेल तर कागदावर तेच दिसतं. बाकी सगळ्या नोंदींत कोड १ रिकामा. एका नोंदीत मात्र ४२खाली २८० आणि १खाली २८५. भोकांचा पिच, म्हणजे दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर! आकृती २८०ची आणि आकडा २८५चा.

मग बीएके फाइल आठवली. ही फाइल म्हणजे त्याच ड्रॉइंगची आधीच्या सेव्हची प्रत. एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं की उघडते. तिच्यात त्याच मापाचा कोड १ रिकामा होता. म्हणजे शेवटच्या सेव्हमध्ये कुणीतरी पिच बदलला, पण रेघा न हलवता फक्त आकडा टाइप केला. टायटल ब्लॉकवरच्या रिव्हिजनच्या तक्त्यातही "पिच सुधारला" अशी ओळ होतीच. तरी शेवटचा शब्द मशीनचा. आम्ही गिअरबॉक्सच्या पायांवरची भोकं मोजली. २८५.

डीएक्सएफ तशीच कटिंगला गेली असती तर प्लेट दिसायला हुबेहूब आली असती आणि बोल्ट पाच मिलिमीटरने चुकले असते. मी भोकं २८५वर सरकवली, टिपेतली चिन्हं शब्दांत लिहिली, "काउंटरबोअर व्यास २६, खोली १७", आणि काकांनी पुन्हा एकदा ओळ न् ओळ तपासल्यावरच फाइल पाठवली. प्लेट बसली, बोल्ट हाताने फिरले.

त्यानंतर नव्या मशीनच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये मी एक कलम घालायला लावते. डीडब्ल्यूजी द्यायची ती फॉन्ट आणि जोडलेल्या संदर्भ-फाइल्ससकट. ऑटोकॅडच्या ईट्रान्समिटमधून हे सगळं एका झिपमध्ये बांधून मिळतं. सोबत पीडीएफ, डीएक्सएफ आणि थ्रीडी भाग असतील तर त्यांची स्टेप फाइल. डीडब्ल्यूजी दिल्यावर पीडीएफ कशाला, असं पुरवठादार विचारतात. त्या प्लेटची पीडीएफ असती तर चिन्हांचा घोळ झालाच नसता. २८० आणि २८५चा झालाच असता, म्हणून डीएक्सएफही घेते आणि कटिंगला जाण्याआधी तिच्यातले ४२ आणि १ ताडून पाहते.