विषाणू आहे, पण आपल्या बाजूचा नाही

थुंकीचं कल्चर लावणं, म्हणजे थुंकीतले जिवाणू प्लेटवर वाढवून पाहणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुणीतरी हमखास विचारतं, "जिवाणूंना मारणारे विषाणू असतात म्हणे. मग पेशंटच्या जिवाणूतच असा विषाणू निघाला, तर बरंच की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जिवाणू घ्या. सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार) झालेल्यांच्या फुफ्फुसात हा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. त्याच्या अनेक वाणांच्या डीएनएमध्ये 'पीएफ' नावाचा फेज, म्हणजे जिवाणूत वाढणारा विषाणू, असतो. पण हा पोटभाडेकरू सहसा घरमालकाला मारत नाही. जिवाणू जिवंत असतानाच त्यातून विषाणूचे धागे बाहेर पडत राहतात: जेमतेम ६-७ नॅनोमीटर जाड, पण लांबी साधारण २ मायक्रोमीटर. म्हणजे जवळजवळ जिवाणूएवढेच लांब!

खरी गंमत (पेशंटसाठी कसली गंमत म्हणा) पुढे आहे. आजारी फुफ्फुसातल्या चिकट कफात म्युसिन (कफाला चिकटपणा देणारं प्रथिन) असतं, मेलेल्या पेशींचा डीएनए असतो. त्या गर्दीत हे धागे एका दिशेनं शेजारी शेजारी रचले जातात आणि जिवाणूंभोवतीचा थर आणखी दाट, चिवट होतो. धाग्यांवर ऋण भार, टोब्रामायसिन या अँटिबायोटिकवर धन भार. औषध वाटेतच धाग्यांना चिकटून बसतं. प्लेटवर औषधाभोवती जिवाणू वाढत नाहीत, रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध लागू पडतं, असं लिहून जातं, आणि खोकला मात्र तसाच. याला हेही एक कारण असू शकतं.

दुसरी खोडी त्याहून बेरकी. २०१९ मध्ये उंदरांच्या जखमांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिवाणू गिळायला आलेल्या शरीराच्या संरक्षक पेशींना या फेजचा सुगावा लागतो आणि त्या विषाणूशी लढायच्या तयारीला लागतात. त्या नादात जिवाणू गिळायचं काम मंदावतं. त्याच वर्षी सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशंट्सची थुंकी तपासली गेली. ज्यांच्या थुंकीत पीएफ होता, त्यांचं वय सरासरी जास्त होतं, संसर्ग जुना होता आणि काही अँटिबायोटिक्सना जिवाणू कमी दाद देत होते.

सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, एवढंच. जुना संसर्ग म्हणून फेज जास्त की फेजमुळे संसर्ग जुना, हे असल्या पाहणीतून सुटत नाही. शिवाय स्यूडोमोनस स्वतःही काही कमी नाही. अल्जिनेटचं बुळबुळीत आवरण तो आपलं आपणच बनवतो.

उपचारासाठी जे फेज वापरतात ते मात्र वेगळे. जिवाणूत घुसून त्याला फोडणारेच निवडतात, डीएनएमध्ये मुक्काम ठोकणारे शक्यतो टाळतात.