बार्शी लाइटची वाघीण आणि सोलापूरची हवा: माझा अनुभव

एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या पेनासारख्या यंत्राच्या, रंगाबरोबर जो माहितीचा कागद येतो, तो लिहिणाऱ्याने एप्रिलमधलं सोलापूर पाहिलेलं नसतं. पंधरा सेंटिमीटरवरून फवारायला सांगतात. इथे दुपारी चाळिशीच्या वर पारा असताना फवाऱ्यातला थेंब तेवढं अंतर कापेपर्यंत हवेतच वाळतो, प्लॅस्टिकवर पडते ती कोरडी पूड. बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या मालवाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, छोटं मॉडेल करताना मापं, रूळ, बोग्या (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) सगळं सुरळीत झालं. माझं काम अडलं ते रंगापाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मापांचं आधी उरकतो. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी होता. १:८७ च्या प्रमाणासाठी ८७ ने भागलं की ८.७६ मिमी येतात. एन गेज या मॉडेल रेल्वेच्या मापाचा तयार रूळ ९ मिमीचा, म्हणजे पाव मिमीचा फरक, तो डोळ्याला दिसत नाही. १:७६ धरलं तर रूळ १० मिमी लागतो, म्हणून मी १:८७ वरच थांबलो. एन गेजचे स्लीपर मात्र काढून टाका. ते आखूड आणि दाट असतात, त्यावर नॅरोगेज शोभत नाही. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर ५ फूट लांब आणि ७ इंच रुंद, म्हणजे १७.५ बाय २ मिमीच्या पट्ट्या कापायच्या आणि जरा विरळ लावायच्या.

१८९७ साली सुरू झालेल्या या लाइनवर तिचा इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेबाने मालगाडीच्या वाघिणींना दाबीव पोलादाची एकाच मापाची चौकट वापरली, २५ बाय ७ फूट. मॉडेल करणाऱ्याला ही मेजवानीच आहे. ८७.६ बाय २४.५ मिमीची एक चौकट नीट जमली की उघडी वाघीण काय, बंद वाघीण काय, वरचा भाग बदलायचा फक्त. तळाला १ मिमीची स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट, बाजूंना अर्ध्या मिमीची. रिव्हेट हवे असतील तर पाव मिमीच्या शीटवर मागच्या बाजूने बोथट सुई दाबायची आणि ती शीट वरून चिकटवायची.

आता रंग. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक इथे मार्च ते मे दोन प्रकारे छळतो. एक, एअरब्रशच्या सुईच्या टोकावर वाळून गुठळी होते. फवारा आधी तिरका जातो, मग बंद पडतो, आणि ट्रिगर जोरात ओढला की ती गुठळी सुटून नेमकी दारावर बसते. दोन, तो कोरडा फवारा. पृष्ठभाग चिकूच्या सालीसारखा खरखरीत होतो. त्यावर अक्षरांची डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पातळ पट्टी, लावली की तिच्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चकाकी दिसते. डिकलला दोष देऊ नका, दोष खालच्या रंगाचा असतो.

उपाय म्हणून सगळे दाब वाढवतात. तो उलटा उपाय आहे. दाब वाढला की थेंब आणखी बारीक होतो आणि आणखी लवकर वाळतो. ०.३ मिमीच्या नोझलला मी १२ ते १५ पीएसआय ठेवतो आणि अंतर सहा-सात सेंटिमीटरवर आणतो. रंग दुधाइतका पातळ, आणि त्यात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब, एका कपाला तेवढेच. जास्त घातलं तर रंग चिकटच राहतो आणि त्यावर बोटाचे ठसे उठतात. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या ब्रशने सुईचं टोक पुसायचं. आणि वेळ पहाटेची. उन्हं वर आली की बंद.

कूलरबद्दल सांगायचं राहिलं. कूलर लावला की खोलीतली हवा ओली होते, रंग सावकाश वाळतो, म्हणजे मदतच होते. पण चालू कूलरसमोर फवारायचं नाही. वारा थेंब पळवतो आणि धूळही आणतो. अर्धा तास चालवायचा, फरशीवर ओलं फडकं फिरवायचं, कूलर बंद करायचा, मग रंग.

ओल्या फडक्याचं कारण सोलापुरातच कळतं. आसपास माग असतील तर हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. कोरड्या हवेत स्टायरीन कापडाने घासलं की त्यावर स्थिर वीज साचते आणि ते तंतू आपणहून येऊन बसतात. म्हणून रंगाआधी मॉडेल भांडी धुण्याच्या साबणाने धुवायचं, तसंच निथळू द्यायचं. आपल्या गावचा टेरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण या कामाच्या आसपास नको. त्याचा एक धागा १:८७ मध्ये दोरखंडाएवढा दिसतो.

खरखर आलीच तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. फारच बिघडलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अ‍ॅक्रिलिक सुटतो, स्टायरीनला काही होत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र उघड्या स्टायरीनवर नको, पृष्ठभाग वितळतो. तो एअरब्रश धुवायला ठेवा, तोही खिडकी उघडी ठेवून. मॉडेलचा थिनर बाहेरगावाहून मागवणार असाल तर उन्हाळ्याआधीच मागवा. ज्वालाग्राही म्हणून तो विमानाने येत नाही, आणि आमच्या कुरिअरवाल्याने पार्सल कुठे अडलं हे कधी धड सांगितलं नाही.

लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका. गडद रंगाची पातळ बाजू तापून वाकते. बंद वाघिणीच्या तळाला आधीच एक बारीक भोक पाडून ठेवा. सॉल्व्हंटची वाफ आत कोंडली तर महिन्याभराने भिंती आत ओढल्या जातात. जुलैत उलट रडगाणं: लॅकर फवारला की दमट हवेतलं पाणी त्यावर बसून पांढरी झाक येते, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली नसेल तर नळीतून थेंबच येतात.

आणि वजन. नुसती प्लॅस्टिकची वाघीण वळणावर रूळ सोडते. बोग्यांच्या वरच्या बाजूला, चौकटीच्या आत, मासेमारीचे शिशाचे गोळे चिकटवून एकूण पन्नास ग्रॅमपर्यंत न्या. छत लावायच्या आधी, नंतर हात जात नाही.