बिझेनचा कप पुण्यात आणायचा म्हणजे... (माझा अनुभव)

बिझेन म्हणजे जपानमधल्या ओकायामाजवळची मातीची भांडी, तसा एक कप मी तिकडं स्वतः केला आणि तो कुरिअरनं पुण्याला मागवला. आधीच सांगते, जपानमधल्या कुणाबद्दल माझी काही तक्रार नाही. डोकं फिरलं ते पार्सल इकडं आल्यावर, आणि अजून पूर्ण शांत झालेलं नाही म्हणून लिहितेय. कोणी तिकडं जाऊन स्वतःच्या हातानं भांडं करणार असेल तर निदान कागद तरी आधीच गोळा करून ठेवा.

चुलतभाऊ आणि वहिनी कोबेला असतात, त्यांच्याकडं गेलो होतो तेव्हा ओकायामा करायचं ठरलं. कारण अगदी पुणेरी. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय ती कोराकुएन तिथं आहे. ती बघून आलो (१७०० साली पूर्ण झालेली आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठी), नदीपलीकडचा काळा किल्लापण बघितला. किल्ल्याचा मुख्य बुरूज १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आत्ताचा १९६६ चा काँक्रीटचा आहे, आत चक्क लिफ्ट आहे, आई बरोबर होती त्यामुळे मला त्याचं वाईट वगैरे वाटलं नाही.

खरं आकर्षण होतं इम्बे, बिझेनची भांडी होतात ते गाव. ओकायामाहून आको लाइनची लोकल, चाळीसेक मिनिटं. गाड्या कमी आहेत, त्यामुळे परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. गावात विटांची धुराडी दिसतात आणि गल्लीगल्लीत बिझेनची दुकानं. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्या म्हणतात त्यातली ही एक, बाकीच्या सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी आणि ताम्बा. स्टेशनच्या दक्षिणेला जुन्या मोठ्या भट्टीचे अवशेष आहेत, सुमारे ५४ मीटर लांब, आता नुसता गवताळ चढ दिसतो पण पाटी वाचून मग त्या लांबीनं चालून बघा. आणि अमात्सु नावाचं छोटं देऊळ आहे, त्याची कौलं, दारातले राखणदार प्राणी, सगळं बिझेनच्या मातीचं. आम्हाला तर दुकानांपेक्षा ते जास्त आवडलं.

बिझेनला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसतं. भातशेतीच्या खालून काढलेली चिकट, लोहवाली माती, ती भाजताना इतकी आकसते की ग्लेझ वर टिकायची पंचाईत. मग रंग येतो तो फक्त आगीनं. लाल पाइनची लाकडं, दहाबारा दिवस रात्रंदिवस जाळ, पारा १२०० अंशांच्या वर, नंतर कितीतरी दिवस नुसतं थंड होऊ द्यायचं. उडालेली राख वितळून तिळासारखे ठिपके पडतात त्याला गोमा म्हणतात, आणि भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की तांबडे पट्टे येतात ते हिदासुकी. मी हिदासुकीवर खूण केली. एका कार्यशाळेत वळ्या रचून कप केला, तासाभराचं काम, चार हजार येनच्या आसपास, पैसे भावानं रोख दिले आणि पावती त्याच्या नावावर घेतली. हे रोख आणि हे नाव लक्षात ठेवा.

भट्टी वर्षातून मोजक्या वेळा पेटते, त्यामुळे कप लगेच मिळत नाही, काही महिने जातात. आणि पाठवतात फक्त जपानातल्या जपानात. फॉर्मवर तिथला पत्ता, तिथला फोन. आमचे भाऊ-वहिनी होते म्हणून जमलं, नुसते टूरिस्ट असाल तर मातीत हात घालायच्या आधी विचारा की परदेशी पाठवता का, नाहीतर तयार भांडं विकत घ्या, हँडबॅगेत टाका आणि सुखी व्हा.

कप कोबेला आला, वहिनीनं सुंदर पॅक करून कुरिअर केला. ती रिकाम्या जागेत ग्रीन टीचं पाकीट टाकणार होती, मी नको म्हटलं, एका खोक्यात एकच वस्तू असलेली बरी. कागदावर तिनं वस्तू ‘सिरॅमिक कप’, किंमत तीन हजार येन आणि प्रकार ‘गिफ्ट’ असं भरलं. तीनचार दिवसांत पार्सल भारतात पोचलं पण. इथपर्यंत मी खुशीत होते.

मग कुरिअर कंपनीचा मेसेज आला, शिपमेंट ऑन होल्ड, केवायसी द्या. दिलं आधार. परत आलं, का तर नाव जुळत नाही. खोक्यावर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये नवऱ्याचं नाव. अहो महाराष्ट्रात सगळ्यांचंच असं असतं ना! फोन करून, पॅन जोडून ते एकदाचं मिटलं. तेव्हा पाठवणाऱ्याला नाव आधारवर आहे तस्संच लिहायला सांगा, मोबाइल नंबरपण तुमचा, चालू असलेला.

आणि मग खरा खेळ सुरू झाला. इनव्हॉइस द्या म्हणे. मी लिहिलं, गिफ्ट आहे, इनव्हॉइस कुठून येणार. उत्तर आलं की गिफ्ट असलं तरी ड्यूटी लागते. हे मात्र त्यांचं बरोबर होतं, मी नंतर शोधलं. पाच हजार रुपयांपर्यंतची गिफ्टची जी जुनी सूट सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली, आता फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. ठीक आहे, म्हटलं भरते ड्यूटी, आकडा सांगा. तर आकडा काढायला किंमत पाहिजे आणि किंमतीला इनव्हॉइस पाहिजे. कागदावरचे तीन हजार येन चालणार नाहीत, पुरावा हवा.

पावती पाठवली. ती जपानीत, भावाच्या नावाची, आणि त्यावर लिहिलेलं काय तर मातीकामाचा अनुभव, एक व्यक्ती. कप हा शब्दच नाही. इकडून मेल, पावतीवर वस्तूचा उल्लेख नाही. अहो पावती फाडली तेव्हा वस्तू नव्हतीच, ती मी नंतर केली! हे मी अगदी या शब्दांत लिहिलं. त्यावर उत्तर, कृपया प्रॉडक्टची लिंक किंवा वेबसाइटचा स्क्रीनशॉट पाठवा. मी केलेल्या वाकड्या कपाची लिंक. मग म्हणे कार्डचं स्टेटमेंट पाठवा, आणि पैसे तर रोख दिलेले. दर वेळी मेलवर वेगळं नाव, दर वेळी पहिल्यापासून रामायण, आणि खाली बारीक अक्षरात की अमुक दिवसांनंतर गोदामाचं भाडं लागू होईल.

शेवटी वैतागून त्यांच्या पुण्यातल्या ऑफिसला गेले. सिक्युरिटीवाल्यानं वहीत सही घेतली, काउंटरवरच्या मुलानं नंबर टाकला आणि म्हणाला, “मॅडम, हे मुंबईचं आहे, इथून काही होत नाही.” मग मुंबईशी बोलून द्या. “तुम्ही टोल-फ्रीवर करा ना.” टोल-फ्रीवर आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग गाणं. मी तिथंच खुर्चीवर बसून, स्पीकरवर ते गाणं लावून ठेवलं, मुद्दाम. पोरगा दोनदा आत जाऊन आला. शेवटी त्यानंच आतल्या एका सरांना आणलं, ते मात्र ऐकून घेणारे निघाले. म्हणाले, “मॅडम, एका कागदावर सगळं लिहून द्या, सही करा आणि जे आहे ते सगळं एकाच पीडीएफमध्ये पाठवा, तुकड्या-तुकड्यात नको.”

घरी येऊन तेच केलं. एका पानावर इंग्रजीत लिहिलं की ही वस्तू मी स्वतः अमुक गावी केली, विकायची नाही, घरी वापरायची आहे, शिकण्याची आणि भाजण्याची मिळून इतकी फी रोख दिली. सोबत पावती आणि वहिनीनं सहीनिशी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर, येनचे रुपये करून आकडा, कपाचा पॅक करण्याआधीचा फोटो आणि माझा चिखलाच्या हातांचा फोटो, ज्यात मी भयंकर दिसतेय पण मागं कार्यशाळेची पाटी आहे. पाटी आली हे नशीब. तुम्ही मात्र पाटी आणि कप दोन्ही येईल असा फोटो ठरवून काढा, आणि जमलं तर पैसे कार्डनं द्या, पावतीत वस्तूचं नाव लिहून मागा, तिकडची माणसं देतात लिहून.

दुसऱ्या दिवशी क्लिअर! मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला, कारण हेच पहिल्या मेलमध्ये सांगता आलं असतं की. ड्यूटी किरकोळ होती, कुरिअरवाल्यांची हँडलिंग फी तिच्याहून जास्त. वर भाडं.

कप अखंड आला. बिझेनचा वाटणाचा कुंडा फेकला तरी फुटत नाही अशी तिकडं जुनी म्हण आहे, खोक्याचा एक कोपरा चेपलेला बघून मला ती पटली. आकसून मात्र भातुकलीतला वाटावा इतका झालाय, म्हणून करताना हवाय त्यापेक्षा चांगला मोठा करा. पट्टे झकास आलेत. बिझेनच्या भांड्यात बिअरचा फेस बारीक येतो म्हणतात, आमच्या कपात मावेल तेवढ्यावरून काही कळत नाही.

हां, राहिलंच, शिझुतानीची शाळा चुकवू नका. १६७० साली सामान्यांच्या पोरांसाठी काढलेली, तिच्या सभागृहाचं छप्पर बिझेनच्या कौलांचं आहे, नोव्हेंबरात पुढची दोन झाडं एक लाल एक पिवळं होतात. स्टेशन योशिनागा, इम्बे नव्हे, लाइनही वेगळी, त्यामुळे दोन्ही एका दिवसात करायचं तर सकाळी लवकर निघा. आणि ऑक्टोबरात इम्बेत भांड्यांची मोठी जत्रा असते, आम्ही पुढच्या वेळी तेव्हाच जाणार आहोत. तेव्हा मात्र मी स्वतः काही करणार नाही, विकतच घेणार, पावतीसकट. गोदामाचं भाडं परत द्या म्हणून मेल केलाय, त्यावर उत्तर आलं की कृपया इनव्हॉइस जोडा.