सोडा आणि व्हिनेगर किती प्रमाणात मिसळायचं?

घरातली साफसफाई मी घरीच केलेल्या द्रावणांनी करते हे कळलं, की पुढचा प्रश्न बहुतेक हाच येतो: सोडा आणि व्हिनेगर किती प्रमाणात मिसळायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मिसळायचंच नाही.

दोन्ही एकत्र झाले की भरपूर फेस येतो आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. पण व्हिनेगर आम्ल आहे, सोडा अल्कली. ते एकमेकांचा जोर संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं जवळजवळ नुसतं पाणी, त्यात थोडं सोडियम अ‍ॅसिटेट. आणि हे मिश्रण झाकण घट्ट लावून साठवलं, तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

म्हणून आधी मळ कोणता ते बघा. नळावरचे पांढरे डाग, केटलच्या तळाशी बसलेला थर, शॉवरची बुजलेली भोकं हे सगळं पाण्यातल्या क्षारांचं, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं काम. ते आम्लात विरघळतं. साध्या व्हिनेगरमध्ये सुमारे 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, तेवढं पुरतं. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासून धुऊन टाका. व्हिनेगरचा वास नको असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा. केटलसाठी मला तेच जास्त आवडतं. मात्र संगमरवरावर यातलं काहीही नको, लिंबूसुद्धा नको. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल त्याची चकाकी खातं आणि मग पॉलिश करून घेण्यावाचून इलाज उरत नाही.

स्वयंपाकघरातला चिकट तेलकट थर याच्या अगदी उलट. तिथे व्हिनेगर फारसं चालत नाही, अल्कली लागते. खाण्याचा सोडा सौम्य असतो, त्याचे बारीक कण घासायला उपयोगी पडतात. थर जुना असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घ्या, पण हातमोजे घालूनच. तो बराच तीव्र असतो. अ‍ॅल्युमिनियमची भांडी त्याने काळी पडतात. आणि रोजच्या पुसण्यासाठी साधं साबणाचं पाणी! त्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही, याचं मला वाईट वाटतं. तेच पाणी व्हिनेगरमध्ये ओतलं तर मात्र साबण फाटतो आणि पांढऱ्या गुठळ्या होतात.

फळांच्या सालींचं बायोएन्झाइमही, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं द्रावण, बरेच जण करतात: एक भाग गूळ किंवा साखर, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्यायचा. तयार होतं ते आंबट द्रावण, त्यामुळे संगमरवराचा नियम त्यालाही लागू.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. घरी केलेलं द्रावण आणि बाजारातलं ब्लीच यांना कधीही एकत्र आणू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया पडला तर क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात हे वायू फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतात. ‘आधी एक मारलं, मग लगेच दुसरं मारलं’ असं ऐकलं की मला राहवत नाही. मधे भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर दुसरं दुसऱ्या दिवशी वापरा.

जंतूंचं विचाराल तर व्हिनेगरवर भिस्त ठेवू नका. घरात कुणी आजारी असेल, तर आधी साबणाने मळ काढा आणि मग 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून जागा काही मिनिटं ओली राहू द्या. नंतर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, उग्र वास मागे राहत नाही. ते त्याच्या गडद बाटलीतच ठेवा, कारण उजेडात ते निकामी होतं. व्हिनेगरशी एका बाटलीत तेही भरू नका. त्यातून डोळ्यांना आणि घशाला झोंबणारं परअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तयार होतं.

आणि प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते आणि तारीख लिहा. सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत यातलं काहीही भरू नका. लहान मूल ती तहान लागली म्हणून उचलेल.